वहीतलं एक पान

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात अक्का कडक भाकऱ्या करतात. पहाटे चारच्याही आधी तवे चढतात. ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या थापल्या जातात, भाजल्यावर धगीपाशी ठेवून पार कडकडीत वाळवल्या जातात. सोबतीला कुटलेली शेंगाचटणी. चार-पाच बायका हाताशी आहेत. माल पुण्याला पहिल्या गाडीनं जायचा म्हणजे उजाडायच्या आत खोकी एसटी स्टँडवर पोचली पाहिजेत, आणि ते काम अक्का वर्षानुवर्षं स्वतःच करत आल्या. नवरा गेल्यावर त्या एका जुन्या हॅचबॅकवर गाडी शिकल्या होत्या. पुढं डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबणं बंद करा. म्हणून ऑटोमॅटिक गाडी घेतली. पेठेतल्या काहींना वाटलं, म्हातारपणी अक्कांना हौस सुचली. मला हे बोलणं तेव्हाही लागलं होतं. ज्या बाईचा पाय क्लचवर टिकत नाही, तिची रोजीरोटीच त्या गिअरबॉक्सवर उभी असते.

दसऱ्याला गाडी दारात आली. बारा लाखांच्या घरातली किंमत, त्यातले निम्म्याहून अधिक कर्जाचे. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते.

जानेवारीत गड्ड्याची गर्दी सुरू झाली. सिद्धेश्वराच्या यात्रेचे ते दिवस म्हणजे अर्धा जिल्हा शहरात. माणिक चौकाकडून मधल्या मारुतीच्या बाजूला अक्कांची गाडी फूट-फूट सरकत होती. एकाएकी हिसका बसला, समोरचा गिअरचा आकडा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडत होतं, चाक जागचं हलत नव्हतं. मागून हॉर्नचा गदारोळ. पेठेतल्या पोरांनी गाडी ढकलून कडेला लावली. सर्व्हिस सेंटरनं ती उचलून नेली आणि दोन दिवसांनी परत दिली. सॉफ्टवेअर नवीन टाकलंय, गाडी ओके आहे, असं सांगण्यात आलं. जॉबकार्डवर लिहिलं होतं: तपासणीत दोष आढळला नाही.

मार्चमध्ये पुन्हा तेच. या वेळी क्लचचा संच बदलला. एप्रिलमध्ये पुन्हा. मग गाडी ट्रकवर चढवून पुण्याला नेली, तिथून धुऊन-पुसून परत आली आणि आठवड्याच्या आत भल्या पहाटे वाड्याच्या दारातच रुसून बसली. खोकी रिक्षात घालून न्यावी लागली. पहिली एसटी चुकली.

या गाडीचा गिअरबॉक्स ड्युअल क्लच जातीचा आहे, तो कसा चालतो ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. यात क्लच दोन असतात. एक पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एका गिअरवर गाडी धावत असताना पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल झटकन होतो. पायानं दाबायचं ते काम इथं तेलाचा दाब करतो, आणि तो दाब कधी, कुठं, किती द्यायचा ते एक संगणक ठरवतो. यातल्या कोरड्या क्लचच्या प्रकाराला थंड ठेवायला तेल नसतं, नुसती हवा. मोकळ्या हायवेवर गाडी झकास पळते. पण सोलापूरचा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा, पेठांचे अरुंद रस्ते आणि फूट-फूट सरकणारी रांग, यात क्लच सारखा अर्धवट लागतो, अर्धवट सुटतो आणि तापतो. ताप हद्दीबाहेर गेला की संगणक स्वतःच गाडी थांबवतो. म्हणजे एकच लक्षण, गाडी न हलण्याचं, दोन अगदी वेगळ्या कारणांनी दिसू शकतं. क्लच तापला म्हणूनही, आणि दाब देणारा भागच आतून खराब झाला म्हणूनही.

सर्व्हिस ॲडव्हायझर पोरगा नम्र होता. पण त्याच्याकडं उत्तर एकच होतं. "मॅडम, गाडीत काही नाही. चालवण्याच्या पद्धतीमुळं होतंय. आणि क्लच झिजणारी वस्तू आहे, पुढच्या वेळी तो वॉरंटीत बसणार नाही."

अक्का तिथं खूप बोलल्या. आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, काचेच्या केबिनमधली माणसं उठून बघायला लागली. कुणीतरी सरबत आणून दिलं. घरी येऊन जॉबकार्ड पाहिलं तर त्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द त्यावर नव्हता. "ग्राहकास माहिती देऊन शंकानिरसन केले" एवढं मात्र होतं, आणि खाली अक्कांचीच सही.

वाड्याच्या पुढच्या खोलीत मामा राहतात. अक्कांच्या नवऱ्याचे मामा. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडली तेव्हा सोलापुरात कितीतरी घरांच्या चुली विझल्या. मामांनी त्यानंतर पॉवरलूमवर दिवस काढले. माग बिघडला की तो नीट करून विणकराच्या हवाली करणं हे जॉबरचं काम. मामांनी ते जॉबकार्ड उलटसुलट करून बघितलं.

"लई बोललीस म्हणं तिथं."

"मग काय करू? गाडी हिसके मारायली आणि वर मलाच शहाणपण शिकवायलेत."

"बोललीस ते हवेत गेलं. त्यांनी लिवलं ते ऱ्हायलं." मामा उठून आत गेले आणि दोनशे पानी एक कोरी वही घेऊन आले. "आमच्या खात्यात मी वही ठेवायचो. कुठला माग, कुठली पाळी, किती वाजता बंद पडला, तवा काय चाललं हुतं. तू बी लिव. राग लिवू नको, झालं ते लिव."

अक्का सातवी शिकलेल्या. पण धंद्याच्या हिशोबाची सवय होती, अक्षर गोल आणि ठसठशीत. त्यांनी रकाने आखले. तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, गाडी गार की गरम, रस्ता सपाट की चढ, गर्दी होती का, काय झालं, बंद करून परत चालू केल्यावर काय झालं. समोर लाल दिवा लागला की आधी फोनमध्ये फोटो. सर्व्हिस सेंटरला गाडी दिली की दोन गोष्टी मागायच्या: स्कॅनरवर आलेल्या दोषांच्या कोडची छापील प्रत, आणि जॉबकार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत. ही पहिली मागणी फार मोलाची होती. वर्कशॉपमध्ये कोड वाचतात आणि मग पुसून टाकतात. एकदा पुसला की त्या दिवशी गाडीनं काय सांगितलं होतं ते दाखवणं अवघड. पहिल्या चार खेपांचे कोड असेच गेले होते.

मे आणि जून अशी वही भरत गेली. आणि जूनमध्ये एका संध्याकाळी ते पान लिहिलं गेलं.

रेल्वेच्या पुलावर चढाला वाहनं अडकली होती. अक्कांनी जुन्या गाडीवर जे केलं असतं तेच केलं. तिथं त्या हाफ क्लचवर गाडी चढाला धरून ठेवायच्या, ब्रेकला पाय न लावता. इथं क्लच नाही, म्हणून ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरली. पाच-सात मिनिटं. मग जळका वास आला, गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि गाडी थांबली. घरी येऊन अक्कांनी लिहिलं: "चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली. वास आला. मागं पण दोन-तीनदा असंच धरलं होतं, ते लिहायचं राहिलं." पुण्याच्या थोरल्या मुलानं फोनवर समजावून सांगितलं तेव्हा कळलं, ऑटोमॅटिक गाडी चढावर नेहमी ब्रेकवरच उभी करायची, आणि रांगेत फूट-फूट न रेटता पुढं जरा जागा होऊ द्यायची, मग एकदम सरकायचं. त्या दिवसापासून अक्कांनी सवय बदलली. तेही वहीत आलं.

जुलैमध्ये पहाटे दोनदा गाडी निघालीच नाही. मग प्रकरण वकिलाकडं गेलं. सिद्धेश्वर पेठेत एक वकीलबाई आहेत, ग्राहकांची कामं बघतात. त्यांनी कायदा सोप्या शब्दांत मांडला. ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. कंपनी कुठलीही असो, शोरूम कुठंही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी असेल तर जिल्हा आयोग. दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी फक्त ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. आणि खोकी वाहिली म्हणून गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही, असं कंपनी म्हणेल. पण जो माणूस स्वतःच्या कष्टानं स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू वापरतो, त्याला हा कायदा ग्राहकच मानतो.

थोरल्याला नवी गाडी हवी होती. वकीलबाईंनी त्याला दोन निकाल सांगितले. पहिला सर्वोच्च न्यायालयाचा, २००६ चा, मारुती उद्योग कंपनीच्या एका गाडीचा, आणि तोही क्लचचाच. न्यायालय म्हणालं, वॉरंटीचं वचन खराब भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे. तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. दुसरा २०१० चा, फियाट कंपनीच्या गाडीतल्या इंजिनाच्या आवाजाचा. तिथं न्यायालयानं स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणी महत्त्वाची मानली; बनावटीतलाच दोष निघाला तर पैसे परत. "म्हणजे सगळं सिद्ध करण्यावर आहे," वकीलबाई म्हणाल्या. मग वही चाळता चाळता त्या एका पानावर थांबल्या.

थोरला म्हणाला, "हे पान काढून टाकू. स्पायरल वही आहे, कळणारसुद्धा नाही. त्यांना हेच तर पाहिजे. चालवण्याची पद्धत, चालवण्याची पद्धत म्हणून बोंब मारतायत, आणि आपण स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं?"

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. जगात हे घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या, म्हणजे याच ड्युअल क्लच जातीच्या, सुमारे ७०,००० गाड्या विकल्या गेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक गाड्यांना त्यासाठी दुरुस्तीला यावं लागलं. गाडी थरथरते म्हणणाऱ्या ग्राहकांना तुमच्या चालवण्यामुळं असं होतं, असं सांगितलं जात होतं, आणि दोष गाडीत असू शकतो याची कल्पना कंपनीला होती. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं कंपनीच्या या वागण्यावर एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठेवला. ग्राहकावर ढकलायची ही युक्ती जुनी आहे, म्हणून ती ऐकली की आपल्याला संताप येतो. येऊ द्यावा. पण दुसऱ्यानं खोटा आळ घेतला म्हणून आपली खरी चूक खोटी ठरत नाही, हे मला थोरल्याला सांगावंसं वाटतं.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे पान आपल्याला अडचणीचं आहे. पण पान काढलेली वही मी कुणापुढं ठेवणार नाही. द्यायची तर सगळी द्या, नाहीतर वहीचं नावच काढू नका."

रात्री अक्का मामांपुढं बसल्या. मामांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"मागावर तार तुटायची कारणं दोन," मामा म्हणाले. "कधी सूत कच्चं, कधी विणकराचा हात. म्यानेजरला वाटायचं, सगळा हाताचाच दोष. विणकरास्नी वाटायचं, सगळं सूतच कच्चं. मी दोन्ही लिवायचो. हात चुकला तर हात. आपला मानूस असला तरी हात. म्हणून मी सूत कच्चं हाय म्हटलं की म्यानेजर उठून सूत बघाय जायचा. दुसऱ्या जॉबरचं त्यो ऐकत न्हवता."

अक्कांनी वही पिशवीत घातली, होती तशी.

वकीलबाईंनी वहीचा हवाला देऊन कंपनीला नोटीस पाठवली. तिला उत्तर म्हणून कंपनीनं पुण्याहून एक तांत्रिक इंजिनिअर धाडला. तिशीतला, लॅपटॉप घेऊन. वाड्यातल्या ओट्यावर बसून त्यानं आधी गाडीच्या संगणकातला साठा उतरवून घेतला. दोषाचे कोड पुसले तरी क्लच किती वेळा किती तापला याचा हिशोब गिअरबॉक्सच्या संगणकात राहतो, हे अक्कांना ठाऊक नव्हतं. थोरल्यालाही नव्हतं. इंजिनिअरच्या पडद्यावर जादा तापल्याच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. त्यानं काही न बोलता वही मागितली आणि पानं उलटायला लागला. तो काय शोधतो आहे ते वकीलबाईंच्या लक्षात आलं.

जूनच्या पानावर तो थांबला. लॅपटॉपकडं बघितलं, पुन्हा वहीकडं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"व्हय. चुकलंच ते माझं. त्यानंतर नाही धरत तसं."

"खरंय. जूननंतर तापल्याची एकही नोंद नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. "मी खरं सांगू? हे पान वहीत नसतं तर मी बाकीची वही वाचली नसती. रिपोर्ट मनात लिहूनच आलो होतो."

आता तो सगळी वही पहिल्यापासून वाचायला लागला. आणि जे आजवर कुणी बघितलं नव्हतं ते त्याला दिसलं. चढावरचे आणि गर्दीतले दिवस वेगळे काढले तर बाकी उरत होत्या त्या जवळजवळ सगळ्या पहाटेच्या नोंदी. गाडी रात्रभर उभी. क्लच थंडगार. रस्ता सपाट. गर्दी नाही. सुरू केली, गिअर लागला नाही, लुकलुक. बंद करून दोन-तीन मिनिटांनी परत सुरू केली की निघाली. गार क्लच तापल्यामुळं थांबत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दुपारी तपासली जायची, ट्रकवरून उतरलेली, तोवर दहादा चालू-बंद झालेली. तिथं दोष कसा सापडणार?

इंजिनिअर सोलापुरात मुक्कामाला राहिला. पहाटे येऊन बसायचा, अक्कांच्या भाकऱ्यांच्या खोक्यांसोबत, मांडीवर लॅपटॉप. पहिल्या पहाटे गाडी बिनबोभाट निघाली. मामांनी त्याला चहा पाजला, थांब म्हणाले. त्याच्या पुढच्या पहाटेही काही झालं नाही. मग एक दिवस झालं. आकडा लुकलुकला, आणि पडद्यावर तेलाच्या दाबाची रेघ तळाशी पडलेली दिसली. दाब साठवून ठेवणाऱ्या भागातून गळती होती. दिवसभर गाडी चालू असताना पंप ती तूट भरून काढायचा. रात्रभर उभी राहिली की दाब उतरायचा, आणि पहाटे क्लच ओढायला जोरच उरायचा नाही. क्लचचा संच बदलून, सॉफ्टवेअर बदलून हे कधीच बरं होणार नव्हतं.

इंजिनिअरनं रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या. जूनपूर्वी क्लच काही वेळा चालकाच्या सवयीमुळं तापला. दाबाचा दोष मात्र यंत्रातला, सवयीशी संबंध नसलेला, वॉरंटीत बसणारा. कंपनीनं तो अख्खा भाग बदलून दिला, गिअरबॉक्सवर वाढीव वॉरंटी लेखी दिली, आणि पुण्याच्या फेऱ्यांचा व रिक्षाचा खर्च भरला. चढावर झिजलेल्या क्लचचा वाटा अक्कांनी स्वतःहून देऊ केला. तो घेतला गेला नाही. नवी गाडी मिळाली नाही म्हणून थोरला काही दिवस नाराज होता.

गाडी ताब्यात घ्यायला अक्का गेल्या तेव्हा तोच नम्र पोरगा काउंटरवर होता. त्यानं छापील कागद पुढं केला. "वाहन पूर्ण समाधानकारक स्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार शिल्लक नाही." अक्कांनी पेन घेतलं, त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहायला बसल्या. दाबाचा भाग बदलला. कारण गळती. चढावरची चूक माझी होती, ती मी सोडली. पहाटेचा दोष गाडीचा होता, तो तुम्ही काढला. महिनाभर पहाटे गाडी काढून बघेन, मग समाधान लिहून देईन.

"मॅडम, आमच्या फॉर्ममध्ये असं चालत नाही," पोरगा म्हणाला आणि मॅनेजरला बोलावून आणलं.

मॅनेजरनं कागद वाचला. गळतीचं कारण लिहिलंय तिथं त्याचं बोट जरा रेंगाळलं. मग त्यानं खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद अक्कांकडं सरकवला.

अक्कांनी तो परत त्याच्याकडं सरकवला. "तारीख राहिली," त्या म्हणाल्या. "आणि किलोमीटरचा आकडा बी टाका."